आधी पाणी, मग आलू

२०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या हिंगणघाटातल्या मोहल्ल्यात महिलांसाठी एक शिबिर झालं. विषय होता घरखर्चात बचत. खुर्च्या मांडणाऱ्यांत मी होतो, म्हणून शेवटपर्यंत ऐकायला मिळालं. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्या बाईंनी पोत्यात आलू कसे लावायचे ते करून दाखवलं. पोत्याचा गळा खाली दुमडायचा, तळाला वीतभर माती आणि शेणखत, त्यावर कोंब आलेले आलू, वर पुन्हा माती. झाड वाढेल तसं पोतं उलगडत माती चढवत जायची. तीन महिन्यांनी पोतं उलटं केलं की आलूच आलू. "भाजीचा खर्च निम्म्यावर येईल," असं त्यांनी ठासून सांगितलं. जिल्हा वर्धा, त्यामुळे गांधीजींचं नाव निघणारच. टंचाईच्या काळात बापूंनीही हेच सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या.

मागच्या रांगेतून आमच्या शेजारच्या खाला उभ्या राहिल्या. त्या पिको-फॉलचं काम करतात. खालू गेल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत तीन माणसं राहतात. "ताई, आलू तर बाजारातबी भेटते. पाणी कुठचं घालू ते सांगा." सगळे हसले. पाहुण्याही हसल्या, भांडी धुतलेलं पाणी चालतं म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

खालांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही. पोत्यात आलू लावून आपल्यासारख्यांचा घरखर्च वाचत नाही, आणि तो वाचतो असं सांगणं ही गरिबाची चेष्टा आहे, हे मी इथे स्पष्टच लिहितो. माझा राग आलूवर नाही. (पुण्याकडच्या वाचकांनी बटाटा वाचावं. तो शब्द पोर्तुगीजांनी आणला, आमच्या विदर्भात आलूच चालतो.)

बोलण्याआधी मी करून पाहिलं आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात छतावर चार पोती लावली. छत माझं स्वतःचं, हे आधीच सांगतो, कारण अर्धा प्रश्न तिथेच आहे. दीड किलो बियाणं म्हणजे बाजारातलेच कोंब आलेले आलू. आमची काळी माती नुसती भरली तर ओली झाली की घट्ट चिखल आणि वाळली की भेगा, त्यात आलूला फुगायला जागाच मिळत नाही. म्हणून रेती आणि शेणखत विकत आणून मिसळलं. बियाणं, खत, रेती आणि आणण्याचं भाडं धरून चारशे रुपयांच्या वर गेले. रोज संध्याकाळी पाणी. ते मी घातलं असं लिहायला आवडलं असतं, पण मी पंधरा दिवस घातलं आणि उरलेले अडीच महिने बायकोने बादल्या चढवल्या. फेब्रुवारीच्या मध्यात पोती उलटी केली. सहा किलो निघाले. बरेचसे इतके लहान की खाला पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "हे तर गिरडच्या पहाडीवरच्या सुपाऱ्या दिसते." (गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, त्यांना आमच्याकडे सुपाऱ्या म्हणतात.) त्या आठवड्यात बाजारात शंभराला पाच किलो आलू होते. म्हणजे माझं पीक एकशेवीस रुपयांचं. रमजानच्या पहिल्या हप्त्यात इफ्तारच्या भज्यांत ते संपलं. चव छान होती, हेही खरं.

कोणी म्हणेल, तुम्हाला जमलं नाही. मान्य. सराव झाला तर सहाचे दहा किलो होतील, दुसऱ्या वर्षी तीच माती वापरली तर खर्चही उतरेल. पण हिशेबातली खोट माझ्या हाताची नाही, ऋतूची आहे. आलूला जमिनीखाली गड्डे धरायला थंड रात्री लागतात. रात्रीचा पारा वीसच्या बराच वर राहिला की झाड हिरवंगार वाढतं आणि खाली काही धरत नाही. वर्धा जिल्ह्यात अशा रात्री मिळतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तुमचं पीक हातात येणार फेब्रुवारीत. नेमका तेव्हाच उत्तर प्रदेशातला नवा आलू बाजारात ओतला जातो आणि भाव वर्षातला सगळ्यात खाली असतो. आलू महागतो तो पावसाळा सरताना, सप्टेंबर ते नोव्हेंबर, जुना साठा संपत आलेला आणि नवा यायचा असतो तेव्हा. तोवर तुमचे आलू टिकणार कुठे? व्यापारी शीतगृहात दोन-चार अंशांवर ठेवतो. आपल्या पलंगाखाली एप्रिल-मेमध्ये चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याला कोंब फुटतात, तो सुरकुततो किंवा सडतो. उजेडात राहिला तर हिरवा पडतो, आणि हिरवा आलू पोटाला बाधतो. थोडक्यात, जेव्हा विकतचा स्वस्त तेव्हा घरचा तयार, आणि जेव्हा विकतचा महाग तेव्हा घरचा संपलेला.

आता रक्कम बघा. पाच माणसांच्या घरात आठवड्याला दोन किलो आलू लागतात असं धरू. तीस रुपये किलोने महिन्याचे साधारण दोनशे साठ रुपये होतात. सगळेच्या सगळे आलू आभाळातून फुकट पडले तरी वाचणार एवढेच. भाजीचा खर्च निम्म्यावर कसा येईल? ज्या घराचं कंबरडं मोडलं आहे ते तेलाने, तुरीच्या डाळीने, गॅसने, दुधाने आणि गोश्ताने. आलू ही त्या घरातली सगळ्यात स्वस्त भाजी आहे. तो आधीच त्यांची बचत आहे.

आपल्या घरांत तर हे कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गाईंची कत्तल १९७६ च्या कायद्याने आधीच बंद होती, त्यात बैल आणि गोऱ्हेही आले. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मला त्यात नवी भर घालायची नाही. मला फक्त भांड्यात काय झालं ते सांगायचं आहे. मजुरी करणाऱ्या घरांत जे गोश्त आठवड्यातून दोनदा शिजायचं, ते गेलं. म्हशीच्या मांसाला बंदी नाही, पण ते सगळीकडे मिळत नाही, आणि आणताना वाटेत कोण अडवेल याची धास्ती असते. बकऱ्याचं मटण या घरांच्या आवाक्यात कधीच नव्हतं. मग सालनात काय वाढलं? आलू. अम्मीच्या हातचं आलू-गोश्त म्हणजे चार बोट्यांमागे दोन फोडी. आता दहा फोडींमागे एखादी बोटी, तीही कोंबडीची, आणि कित्येकदा नुसता रस्सा. शंभर ग्रॅम आलूत प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच तुरीच्या डाळीत बावीस, सोयाबीनमध्ये छत्तीसच्या वर. आलूने पोट भरतं, पोराचं अंग भरत नाही. ज्या घरात आलू आधीच जास्त झाला आहे त्या घराला आणखी आलू पिकवा म्हणणं म्हणजे उपाशाला पाणी प्या म्हणण्यासारखं.

गांधीजींचं नाव घेतलं गेलं, तर तेही पूर्ण घेऊ. फेब्रुवारी १९४६ मध्ये देशावर अन्नटंचाईचं संकट होतं. व्हाइसरॉयचे खासगी सचिव जॉर्ज एबेल त्यासाठी सेवाग्रामला येऊन गांधीजींना भेटले. त्यानंतर गांधीजींनी लोकांना सांगितलं की प्रत्येकाने धान्य कमीत कमी वापरावं, त्याच्या जागी गाजर, बटाटा, केळी यांसारख्या गोष्टी खाव्यात, फुलबागांमध्येसुद्धा खायच्या वस्तू लावाव्यात. शिबिरातल्या पाहुण्यांनी सांगितलं ते खरंच होतं. पण गांधीजी तिथे थांबले नव्हते. सरकारने खोल विहिरी खणाव्यात, तेलबिया आणि पेंड यांची निर्यात बंद करावी, काळा बाजार मोडावा, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. म्हणजे लोकांकडे एक मागणी आणि सरकारकडे दुसरी. आज आपल्यापर्यंत पहिली तेवढी पोचते. पाणी कोण देणार हा खालांचा प्रश्न त्या दुसऱ्या भागातला होता, आणि तोच भाग हसण्यावारी गेला.

पेंडेची गोष्ट तर इथे जास्तच लागते. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमातल्या लोकांच्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले होते. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन कसं येईल, याचा तो शोध होता. कच्चा हिरवा पाला खाण्याचेही प्रयोग त्याच सुमाराचे. आज त्याच जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन उभं असतं. ते आपल्या ताटात येतं का? ट्रॅक्टरमधून मंडीत जातं, मंडीतून कारखान्यात. तेल पिशवीत बंद होऊन परत येतं, आणि प्रथिनाने भरलेली पेंड कोंबड्यांना नाहीतर बंदरावर. शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून तो रडतो आणि खाणाऱ्याला परवडत नाही म्हणून तो. आणि आम्ही छतावर चार पोती घेऊन आलू उगवतोय!

त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं ठरलं. दुसरीकडे शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं वाटली जातात. परसबाग चांगलीच आहे. पोरांना माती कळते, घोसाळं वेलीला लागतं हे कळतं. पण अंडं काढून घेऊन वाफा दाखवायचा असेल, तर त्याला पोषण म्हणू नये. आमच्या खालांचा नातू सरकारी शाळेत जातो. त्याला बुधवार कोणता हे अंड्यावरून कळायचं.

मग घरी काही लावूच नये का? असं मी म्हणत नाही. आमच्या विदर्भात प्रत्येक घरामागे सांदवाडी असायची. माझ्या नानीची होती. तिने त्यात आलू कधी लावला नाही, आणि ती अडाणी होती म्हणून नव्हे. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर वालाचा वेल, कोपऱ्यात मुंगना, गोडनिंब, दहा-बारा मिरच्या, पावसाळ्यात अंबाडी, हिवाळ्यात मेथी-पालक-सांबार. चिवळ आणि घोळ तर न लावताच यायची. नानीचा हिशेब साधा होता. जे बाजारात जुडीने महाग मिळतं, एका दिवसात सुकतं आणि रोज थोडं थोडं लागतं ते घरी, आणि जे पोत्याने येतं, महिनाभर टिकतं ते बाजारातून. दहा रुपयांचा सांबार आणला तर दोन दिवसांत पिवळा पडतो. दोन जुन्या बादल्यांत धने टाकले तर महिनाभर खुडता येतो. जुलै २०२३ मध्ये टमाटर किलोला शंभरच्या वर गेले तेव्हा नानीसारख्या बायकांनी अंबाडीने आणि चिंचेने भाजी आंबट केली. मुंगन्याचा पाला तर कोणी विकतच घेऊ नये, एक झाड चार घरांना पुरतं. आणि प्रथिन हवं असेल तर वाल लावा, त्याचे दाणे सुकवून ठेवता येतात. यात खरोखर काही रुपये वाचतात, आणि ज्या बायका-पोरी रक्त कमी म्हणून दवाखान्यातून लाल गोळ्या आणतात त्यांच्या ताटात पाला येतो.

पण यालाही माती आणि पाणी लागतंच. सांदवाडी गेली कारण घरामागची जागा गेली. भावाभावांत वाटण्या झाल्या, मागे खोल्या चढल्या, त्या भाड्याने दिल्या. भाडेकरूने छतावर कुंडी ठेवली की मालक म्हणतो स्लॅब झिरपेल. नळ येतो तेव्हा दोन हंडे आधी भरायचे की पालकाला घालायचं? आणि हे सगळं करणार कोण, तर जी सकाळी पाचला उठते आणि रात्री मशीनवर बसते तीच. तिचा तासही पैशांत मोजला तर माझ्या चार पोत्यांचा तोटा किती होईल, हे मी बायकोला विचारलं नाही. धीर झाला नाही.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात लोकांना घरोघर भाजी पिकवायचं आवाहन झालं, बगिचे खणून आलू लावले गेले, हे नेहमी सांगितलं जातं. त्याच्या आधी १९०८ पासून तिथे एक कायदा आहे. ज्यांना भाजी लावायला जमीन नाही त्यांनी मागणी केली तर स्थानिक संस्थेने त्यांना जमिनीचे छोटे तुकडे उपलब्ध करून द्यायचे, असा. आधी जमीन, मग आवाहन. आपल्या नगरपालिकेकडे असं मागायला काय हरकत आहे? प्रत्येक प्रभागात खुली जागा म्हणून राखलेले भूखंड आहेत, त्यांत गाजर गवत माजलं आहे.

सरकारला बोलून झालं, आता जरा आपल्याकडे. आपल्या मशिदींत दिवसातून पाच वेळा वुजू होतो. आमच्या मशिदीत सगळ्या नमाजांचे मिळून दिवसाला दीडशे वुजू धरले आणि एकाला तीन लिटर, तरी साडेचारशे लिटर पाणी होतं. जुम्म्याला त्याच्या कितीतरी पट. हे पाणी घाण नाही, त्यात साबण नाही. फिकहच्या भाषेत ते पाक आहे, फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. ते कुठे जातं? नालीत. वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करत असाल तरी पाणी वाया घालवू नका, अशी रसूलुल्लाहची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मुसलमानाने झाड लावलं आणि त्यातून माणसाने, जनावराने, पाखराने खाल्लं तर ते त्याच्या नावे सदका लिहिलं जातं, हेही ऐकतो. ऐकतो आणि घरी जातो. मशिदीमागे पडीक जागा, ईदगाहच्या कुंपणाच्या आत वर्षातले दोन दिवस सोडून रिकामं पडलेलं मैदान, ठिकठिकाणी वक्फच्या जमिनी. त्यांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. वक्फच्या जमिनीवर बाहेरच्यांचा डोळा आहे म्हणून आपण ओरडतो, आणि ते ओरडणं खोटं नाही. पण आतल्यांनी तिथे गरिबाच्या पोटाचं काय उगवलं, असं कोणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं? वरच्या मजल्याला फरशी बदलायला वर्गणी निघते. वुजूखान्यापासून पन्नास फूट पाइप टाकायला निघत नाही.

"हे दीनचं काम नाही," असं मला एका बुजुर्गांनी ऐकवलं. "मशिदीत बायकांची ये-जा नको," असं दुसऱ्यांनी. दुसऱ्यांचं बोलणं मी समजू शकतो, पटत नाही तरी. जागेला वेगळं फाटक करता येतं. पहिल्यांना मी एवढंच विचारलं की बेवा बाईच्या हंडीत काय शिजतं हे दीनचं काम नसेल तर मग जकातीचा हिशेब आपण कशासाठी मांडतो? त्यावर ते नाराज झाले. अजून सलामाला उत्तर देतात, एवढं बरं.

आम्ही चौघांनी कमिटीला अर्ज दिला आहे. मशिदीमागची साधारण चाळीस बाय वीस फुटांची जागा, वुजूच्या पाण्याचा पाइप, एक टाकी, आणि आठ वाफे. ज्या घरांना जमीन नाही आणि कमावणारी बाई आहे अशा आठ घरांना वर्षभरासाठी, मुसलमान असोत वा नसोत. शेवटच्या चार शब्दांवर कमिटीत वाद झाला असं कळलं. आम्ही ते काढलेले नाहीत. पावसाळ्याच्या आत निर्णय झाला तर अंबाडी आणि वाल पेरता येईल, नाहीतर मग थेट मेथी.

खालांना मी विचारलं की वाफा मिळाला तर काय लावाल. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "आलू सोडून काहीबी."